रताळ्याची तहान

जमिनीखाली पिकणाऱ्या मालाच्या दोनच तऱ्हा आहेत, असं दशरथचं मत होतं. एक गाजर-मुळा आणि दुसरी बाकी सगळं. गाजर-मुळा पिकवायला हात लागतो. बाकीचं काय, मातीत पुरलं की आपसूक येतं. हे मत तो बिबवेवाडीत भेटेल त्याला, कुणी विचारलेलं नसताना, ऐकवत असे. ऐकवण्याआधी बायको आसपास नाही ना, एवढं मात्र बघून घेई.

महापालिकेच्या बागांमध्ये माळीकाम करण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसेनात. घरामागच्या सोसायटीला लागून, टेकडीच्या उताराला, उल्काताईंचा मोकळा प्लॉट होता. उल्काताई म्हणजे सोसायटीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाई. त्यांच्या प्लॉटवर लोक राडारोडा टाकून जात. एकदा त्यांनी दशरथला बोलावून घेतलं.

"इथे तुम्ही काहीतरी पिकवा," त्या म्हणाल्या. "कचऱ्यावर कचरा टाकायला कुणी लाजत नाही. पिकावर टाकताना जरा विचार करतील, असा माझा अंदाज आहे. भाडं नको. भाजी द्या, आणि धुऊन द्या. मातीची मालकीण मीच आहे, ती परत आणून देऊ नका."

तेव्हापासून दरवर्षी दशरथ आपला गाजर-मुळा बादलीत घासून, चकचकीत करून उल्काताईंच्या दारात नेई. चंद्रभागा त्याच्या हाताखाली खुरपायला असे. वाफे त्याचे, बी त्याचं, कौतुकही त्याचं.

गेल्या अशोक विजयादशमीनंतर हे सगळं बदललं. चंद्रभागा माहेरी जाऊन आली. सासवडच्या पलीकडे तिच्या भावानं रान विकायला काढलं होतं. तिथल्या बांधाला तिच्या आईच्या हातचा रताळ्याचा वेल होता. लाल सालीचं, आत पिवळट, असं रताळं. तिनं तो वेल कापून ओल्या पोत्यात गुंडाळला आणि एसटीनं स्वारगेटला उतरली. तिथून रिक्षात पोतं मांडीवर घेऊन बसली. रिक्षावाल्यानं आत काय आहे विचारलं, तेव्हा "आई हाय माझी" असं उत्तर दिलं. पुढे घरापर्यंत त्यानं रिक्षा खड्डे चुकवत नेली.

"अर्धं रान मला पायजे," घरात पाऊल टाकताच ती दशरथला म्हणाली.

"रताळ्याला? अगं, वाट्टेल त्या उकिरड्यावर येतं ते. त्याला माझी भुसभुशीत जमीन कशापायी?"

"तुमच्या गाजराचं बी पुडीत मिळतं. आवंदा न्हाई जमलं तर फुडल्या साली दुकानात जायचं. ह्या वेलाचं बी कोण देणार? ह्यो कुठंतरी मातीत जित्ता ऱ्हायला तरच ऱ्हायला. भावाचं रान गेलं. आता जे काय हाय ते ह्या पोत्यात."

अक्षता, त्यांची नात, कॉलेजात बॉटनी घेऊन शिकत होती. ती मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "आजोबा, ॲक्च्युअली गाजर म्हणजे मूळ. बटाटा म्हणजे खोड, म्हणून त्याला डोळे असतात. आणि रताळं हे खोड नाही, ते पण मूळच. फक्त कंदासारखं फुगलेलं."

"म्हंजे रताळं माझ्या पार्टीतलं निघालं," दशरथ खूश होऊन म्हणाला.

"मुळाच्या पार्टीतलं असंल तर बी पेरून उगवून दावा," चंद्रभागा म्हणाली. दशरथनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

शेवटी ठरलं ते असं. एक हंगाम अर्धं रान चंद्रभागेचं. महाशिवरात्रीला उल्काताईंच्या सोसायटीत उपासाला लोक रताळी शोधत असतात. तिथवर तिचं पीक हातात आलं, तर अर्धं रान कायमचं तिचं. नाही आलं, तर सगळं पुन्हा गाजराखाली, आणि वेलाचं नाव तिनं परत काढायचं नाही. हे ठरताना तिचा चेहरा दशरथनं पाहिला आणि त्याला बोललं ते जरा जास्तच वाटलं. पण बोललेला शब्द मागे घेण्याची त्याला सवय नव्हती.

मग दोघंही कामाला लागली. दशरथनं वाळूत कालवून गाजराचं बी बोटांच्या चिमटीनं ओळीत सोडलं. उगवून आलं तेव्हा गुडघ्यांवर रांगत दाटी कमी केली. कारण गाजराला शेजारी सहन होत नाही आणि उपटून दुसरीकडे लावलेलं तर मुळीच सहन होत नाही, दोन पायांचं होऊन बसतं. संध्याकाळी त्याचे गुडघे शर्मिला, त्याची सून, तेलानं चोळी. ती खराडीला एका कंपनीत होती आणि नवरा संजय ड्रायव्हिंगच्या कामानं बाहेरगावी असे.

चंद्रभागेनं माती ओढून उंच वरंबे केले, वेलाचे वीतभर तुकडे लावले. वेल पसरायला लागले तसे ती आठवड्याला ते उचलून परत ठेवायची. पेऱ्या-पेऱ्याला फुटलेली कोवळी मुळं तटातट तुटायची.

"लागलेली मुळं तोडतीस व्हय?" दशरथचा जीव कळवळला.

"दिसंल तिथं मुळं रोवली तर पोटाला काय लागंल त्याच्या? एका जागी पोसायला हवं."

जानेवारीत पंचाईत झाली. शेताला पाणी यायचं ते सोसायटीच्या बोअरचं. बोअरचं पाणी खाली गेलं. सोसायटीचा सेक्रेटरी आमोद वाईट वाटल्यासारखं करून सांगून गेला, "काका, आता आठवड्यातून दोनदाच. बुधवारी आणि रविवारी, तेही तासभर." बुधवार दशरथनं घेतला, रविवार चंद्रभागेला दिला. पण गाजर त्या वेळी भरायला लागलं होतं. भरणीच्या गाजराला पाणी चुकलं की आतला दांडा लाकूड होतो, मुळा तर पोकळ होऊन जातो. चिंतेनं दशरथचं तोंड सुटलं.

"एका पिकाचं पाणी हाय हे," तो एका संध्याकाळी जेवताना म्हणाला. "दोघांत वाटलं की दोघंबी मरणार."

 चंद्रभागा भाकरी मोडत राहिली. पुढच्या रविवारी सकाळी पाण्याची वेळ झाली तेव्हा तिनं पाइप उचलून त्याच्या हातात दिला.

"आजपासून ऐतवारचंबी तुम्हीच घ्या. मला नको."

दशरथनं पाइप घेतला. गाजरं तरारली. इकडे वेलांची पानं मात्र पिवळी पडायला लागली, वरंब्यांना भेगा गेल्या. चंद्रभागा रोज येऊन भेगा बघायची, त्यांच्यात बोट घालून पाहायची आणि घरी जायची. दशरथला ते बघवेना. त्याला वाटलं, आपल्या बोलण्यानं हिचं मन मेलं. हिनं आईचा वेल आपल्या गाजरांसाठी मारायला काढला.

"असं असेल तर आईंना सरळ विचारा ना, बाबा," शर्मिला म्हणाली.

"इचारायचं काय त्यात. डोळ्याला दिसतंय की," दशरथ म्हणाला. जन्मभर झाडं राखलेल्या माणसानं पिवळ्या पानाचा अर्थ बायकोला विचारावा, हे त्याच्या बुद्धीला पटलं नाही.

माघ पौर्णिमा रविवारी आली. चंद्रभागा पांढरं लुगडं नेसून सकाळीच विहारात गेली. दिवसभर वंदना, प्रवचन आणि बायकांनी केलेलं खिरीचं जेवण होतं. दशरथ गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिला. पाण्याची वेळ झाली. त्यानं पाइप उचलला, गाजरांकडे एकदा पाहिलं, "आजचा दिवस दम धरा" असं त्यांना सांगितलं आणि सगळं पाणी वेलांच्या वरंब्यांमधल्या सऱ्यांत सोडलं. भेगा पाणी पिऊन मिटत होत्या आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की तास संपल्यावर त्यानं आमोदला गाठून आणखी अर्धा तास मागून घेतला. सऱ्या काठोकाठ भरल्या. तो ओल्या मातीच्या वासात बांधावर बसून राहिला. लग्नानंतर बायकोसाठी एवढं मोठं काही आपण केलं नव्हतं, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

ऊन कलल्यावर चंद्रभागा विहारातून थेट शेतावर आली. दशरथ कौतुकाच्या तयारीत उभा होता.

"हे कुणी केलं?" ती म्हणाली.

"मीच. माझ्या वाट्याचं पाणी दिलं. गाजराला थेंब न्हाई घातला."

चंद्रभागा पांढऱ्या लुगड्यानिशी बांधावर मटकन बसली. तिनं वरंब्यात हात घातला. माती खिरीसारखी झाली होती.

"अवो, शेवटाला उपाशी ठेवायचं असतंय त्याला," ती हळू म्हणाली. "पानं पिवळी पडली म्हंजे समदं सत्त्व खाली उतारतंय. माती सुकली म्हंजे साल धरती. आठ दिसांत काढणार हुते मी. आता हे पाणी पिऊन तडकंल, न्हाईतर सडंल, न्हाईतर नवं कोंब धरंल. शिवरातीपत्तोर काय ऱ्हायचं त्यातलं?"

"मग तू मला ऐतवारचं पाणी दिलंस ते..."

"मला नको हुतं म्हणून दिलं. तसंच तर म्हणले हुते."

"मला वाटलं, तू रागानं सोडलंस. माझ्या बोलण्याचं मनाला लावून घेतलंस."

"माळी ना तुम्ही? मला वाटलं, ठावं असंल."

दशरथला गाजर ठाऊक होतं. गाजर शेवटच्या दिवसापर्यंत पाणी मागतं. जमिनीखालचं दुसरं काही उपाशी राहून गोड होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे वाक्य तो इतक्या वर्षांत बोलला नव्हता, त्यामुळे चंद्रभागेनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आता चूक घेऊन काय करू," ती उठत म्हणाली. "उद्या फटफटलं की काढायला लागायचं. मुरलेलं पाणी आत शिरायच्या आधी."

सकाळी सगळं घर शेतावर होतं. शर्मिलानं घरून काम घेतलं होतं. लॅपटॉप बांधावरच्या पाटीवर, कानाला हेडफोन आणि दोन्ही हात कोपरापर्यंत वरंब्यात, अशी ती बसली. मधूनच "येस, येस, आय ॲग्री" म्हणायची. मागचा आवाज कसला, असं साहेबानं विचारलं तेव्हा "बांधकाम चालू आहे" म्हणाली. अक्षता पाट्या वाहत होती.

दशरथनं अपराधी माणसाच्या उत्साहानं पहिल्याच वेलाच्या बुडाशी दोन्ही हातांनी पकड घेतली, पाय रोवले आणि मुळा उपटावा तसा झटका दिला. वेल तुटून हातात आला आणि दशरथ चिखलात बसला. रताळी जिथल्या तिथं राहिली.

"गाजर न्हाई ते, केस धरून यायला," चंद्रभागा म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण ते दाखवायची तिची अजून तयारी नव्हती.

मग त्यानं कुदळ घेतली. दुसऱ्याच घावाला एक जाडजूड रताळं मधोमध कापलं गेलं आणि त्यातून पांढरा चीक आला. चंद्रभागेनं कुदळ काढून घेतली. "हातानं. बाजूनं माती वढा. गाजर सरळ खाली जातं, ह्ये कुठंबी जातंय. कुठं गेलंय ते बोटानं बघायचं, मग धरायचं."

दशरथ गुडघ्यावर बसून चाचपू लागला. थंडगार चिखलात बोटांना आधी खडे लागले, मग एक गोल खांदा लागला, त्याच्या शेजारी दुसरा. एकाच बुडाशी पाच-सहा, वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून. एक ओढावं तर दुसरं हलायचं. त्याला मजा यायला लागली. गाजराचं कसं, पाला बघूनच खाली काय आहे ते कळतं. इथं प्रत्येक वेळी हात घातल्याशिवाय पत्ता लागत नव्हता. काही तडकली होती, पण बरीच धड होती आणि मोठी होती. एवढं मोठं पीक आपल्या डोळ्यांदेखत पिवळं पडत असताना पोसत होतं, याचं त्याला राहून राहून नवल वाटलं.

पाटी भरल्यावर त्यानं सवयीनं ती बादलीपाशी नेली आणि पहिलं रताळं पाण्यात बुडवणार, एवढ्यात चंद्रभागेनं त्याचं मनगट धरलं.

"धुताय?"

"उल्काताईंना मातीचा माल चालत न्हाई."

"धुतलेलं रताळं चार दिवस टिकत न्हाई. मातीसकट सावलीत पसरायचं. जखमा भरू द्यायच्या."

अक्षता पाटी खाली ठेवून हसत सुटली. "आजोबा, तुम्ही आज फक्त आजी सांगेल तेच करा. स्वतःचं डोकं म्यूटवर ठेवा."

पसरायचं कुठं, हा प्रश्नच होता. त्यांच्या दोन खोल्यांत माणसंच जेमतेम पसरत होती. उल्काताई गॅलरीतून सकाळपासून सगळा प्रकार पाहत होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "धुणार नाही आहात ना?"

"न्हाई, बाई. ह्या मालाला चालत न्हाई," दशरथ मान खाली घालून म्हणाला.

"माझं पार्किंग खाली रिकामं आहे. हे गेल्यापासून गाडी नाही. तिथे पसरा. आमोद काही बोलला तर मी बोलेन."

आमोद बोलायला आलाच नाही. उल्काताई बोलतात म्हणजे काय करतात, हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

पार्किंगमध्ये पोती अंथरून रताळी पसरली. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी दशरथ तिथे जायचा. एकेक रताळं उलटायचा, नाकाशी धरून वास घ्यायचा. आंबूस वासाचं निघालं की बाजूला काढताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं. पहिले काही दिवस अशी बरीच निघाली. मोजायला नको म्हणून चंद्रभागा पार्किंगकडे बघतच नसे. वेलाच्या जुड्या मात्र तिनं मातीनं भरलेल्या बादल्यांत खोचून दारात ठेवल्या होत्या. पीक टिकलं नाही तर या बादल्यांचं काय करायचं, हे ठरलेलं होतं आणि दोघांनाही ते आठवत होतं.

मध्यंतरी बुधवार आला. गाजरांचं पाणी चुकलं म्हणून धास्तावलेल्या दशरथनं त्या दिवशी वाफे तुडुंब भरले. भर उन्हात तहानलेली गाजरं एकदम प्यायली आणि उभी फाटली. ही चूक कुणी दुसऱ्यानं केली असती तर त्यानं बिबवेवाडीभर सांगितली असती.

मग हळूहळू वाईट माल निघायचा थांबला. तडकलेल्या जागी खपली धरली, साल घट्ट झाली. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दशरथनं सगळी रताळी एकदा उलटली आणि एकही बाजूला काढावं लागलं नाही. तो धावतच घरी आला. "ये, बघ तरी," म्हणाला. चंद्रभागा आली. तिनं एक रताळं उचललं, अंगठ्यानं साल चोळून पाहिली आणि पदरानं डोळे पुसले. दशरथला तिचा हात धरावासा वाटला, पण सोसायटीचा रखवालदार बघत होता.

दुपारपर्यंत सोसायटीतल्या बायका पिशव्या घेऊन खाली आल्या. दशरथनं एकीला सहज विचारलं, "दोन्ही जमिनीखालचंच. मग उपासाला ह्ये चालतं, गाजर का न्हाई?"

"तुम्ही आम्हाला विचारू नका, आम्ही शास्त्राला विचारत नाही," उल्काताईंनीच वरून उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गॅलरीतून त्यांनी हाक मारली. त्यांच्या हातात वाटी होती. "चंद्रभागाबाई, रताळं गोड आहे. साखर घालावी लागली नाही." एवढं बोलून त्या आत जायला वळल्या आणि थांबल्या. "दशरथ, तुमच्या गाजरांबद्दल मी आज काही बोलत नाही. उपास आहे."

दशरथ हसला. फाटलेली गाजरं घरी नेऊन शर्मिलानं आदल्या रात्रीच त्यांचं लोणचं घातलं होतं आणि ते बरं झालं होतं. पण तो हसला ते त्यासाठी नव्हतं, चंद्रभागेचं रताळं गोड निघालं म्हणून.

तो शेतावर गेला. पाण्याच्या नळाशी लागून असलेला वाफा त्याचा सर्वांत लाडका. पाणी सोडलं की पहिलं तिथं पोचायचं, म्हणून पहिलं गाजर नेहमी तिथलंच असायचं. त्यानं तिथली उरलीसुरली गाजरं उपटली, माती भुसभुशीत केली, वरंबा ओढला. मग घरी जाऊन दारातल्या दोन बादल्या उचलून आणल्या. चंद्रभागा मागोमाग आली.

"ह्ये काय चालवलंय? अर्धं रान तिकडं हाय माझं."

"तिकडं उन्हाळ्यात पाणी पोचत न्हाई. वेल पावसाळ्यापत्तोर जगवायचा तर हितंच जगंल." त्यानं बादलीतून वेलाचा एक तुकडा घेतला, उलटासुलटा करून पाहिला. चाळीस वर्षं माळीकाम केलेला माणूस तो तुकडा हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "कंचं टोक खाली जातं?"

चंद्रभागेनं त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून शेतातलं त्यानं तिला विचारलेलं हे पहिलंच.

"कंचंच न्हाई," ती म्हणाली. "मधला भाग खाली. दोन्ही टोकं वर ठेवायची." तिनं त्याचा हात धरून तुकडा मातीत आडवा दाबला. मग दोघं समोरासमोर बसून सरकत सरकत वरंब्याच्या शेवटापर्यंत गेली.

दशरथनं नळाला पाइप लावला. तोटीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. "आता घालू का पाणी?" त्यानं विचारलं.

चंद्रभागेनं वरंब्यावरून एक नजर फिरवली.

"व्हय," ती म्हणाली. "आता घाला."